टॉवर पडण्याआधी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्याकडे पुराच्या तयारीचा. सध्या 'आमच्याकडे' म्हणजे आसाम, ब्रह्मपुत्रेचा काठ. नेमकं ठिकाण नेहमीप्रमाणे सांगणार नाही. दरवर्षी या दिवसांत फ्लड रिलीफ कॉलमची तयारी होते. बोटी फुगवून पाहायच्या, ओबीएम म्हणजे बोटीची इंजिनं चालवून पाहायची, दोर, लाईफ जॅकेटं, टॉर्च मोजून घ्यायचे. मग एक दिवस जिल्हा प्रशासनाबरोबर सराव होतो. त्यात एसडीआरएफ असतं, आरोग्य खात्याची माणसं असतात आणि आसपासच्या गावांतले 'आपदा मित्र' असतात.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपदा मित्र ही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची योजना. 2016 साली ती 25 राज्यांतल्या 30 पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे 350 जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरलं. गावातल्याच तरुण मुलामुलींना बारा दिवसांचं प्रशिक्षण आणि एक किट मिळतं. कोणी शेती करतं, कोणी शिकवण्या घेतं, कोणी रिक्षा चालवतं. पूर आला की आमच्या आधी हेच पोचतात, कारण ते तिथेच राहतात.

तर यंदाच्या सरावात चहाच्या वेळी एक मुलगी माझ्याकडे आली. वय बावीस-तेवीस. मोबाईल पुढे करून म्हणाली, "सर, यातलं खरं कोणतं?" दोन मेसेज होते. एकात लिहिलं होतं, क्लोरीनची एक गोळी एक लिटर पाण्याला. दुसऱ्यात, एक गोळी वीस लिटरला. दोन्हींच्या खाली 'जनहितार्थ' आणि दोन्हींवर हात जोडलेले.

मी आमच्या नर्सिंग असिस्टंटला हाक मारली. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "बेहेनजी, दोन्ही बरोबर आहेत. गोळ्या वेगवेगळ्या आहेत." पाणी शुद्ध करायच्या गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात, एका लिटरची वेगळी, वीस लिटरची वेगळी. मेसेज लिहिणाऱ्याने आपल्या हातातल्या पाकिटावरचं वाचून लिहिलं. कोणती गोळी ते लिहिलं नाही. आता ज्याच्याकडे एका लिटरची गोळी आहे त्याने ती बादलीत टाकली, तर पाणी शुद्ध झालं असं समजून तो आख्ख्या घराला घाण पाणी पाजणार. वीस लिटरची गोळी कोणी तांब्यात टाकली, तर त्या पाण्याला इतका वास येईल की पोरं ते पिणार नाहीत आणि विहिरीकडे जातील. गावाकडे टीसीएल पावडर ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा वास माहीत आहे.

त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नावर आज लिहायचं आहे. आपत्तीत आरोग्याची माहिती ऑनलाईन भरपूर आहे. केंद्राची आहे, राज्यांची आहे, जागतिक आरोग्य संघटनेची आहे. तरी ज्या स्वयंसेवकाला ती लागते, त्याच्या हातात ती योग्य वेळी योग्य रूपात नसते. ही उणीव तंत्रज्ञानाची नाही, आपल्या सवयीची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मी डॉक्टर नाही, साधा जेसीओ आहे. पण तीन-चार पुरांत चिखल तुडवल्यावर जे दिसलं त्यावरून बोलतो.

2018 च्या ऑगस्टात मी हवालदार होतो आणि आमचं कॉलम केरळमध्ये चेंगन्नूरच्या बाजूला होतं. त्या पुरात मच्छीमारांनी स्वतःच्या बोटी ट्रकवर चढवून आणल्या आणि जे काम केलं ते सगळ्या देशाने पाहिलं. एका दुपारी एका घराच्या व्हरांड्यात गर्दी दिसली. मदत करणाऱ्या एका पोराला साप चावला होता. पूर ओसरू लागला की साप घरांत, लाकडाच्या ढिगात, बंद कपाटात बसलेले असतात. हा पोरगा कुणाचं तरी सामान काढत होता. त्याच्या मित्राने मोबाईलवर कधीतरी पाहिलेल्या व्हिडिओप्रमाणे पोटरीला नायलॉनची दोरी आवळून बांधली होती. पाय निळसर झाला होता.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पुढची ऐका. तिथेच दुसरा एक स्वयंसेवक होता, चांगला शिकलेला. त्याने वाचलं होतं की सर्पदंशाला दोरी बांधू नये. अगदी बरोबर वाचलं होतं. तो चाकू काढून दोरी कापायला निघाला. आमच्या नर्सिंग असिस्टंटने झडप घालून त्याचा हात धरला. आवळलेली दोरी एकदम सोडली तर अडलेलं विष एकाच वेळी अंगात पसरू शकतं. ती दवाखान्यात, डॉक्टर समोर असताना, औषधांची तयारी ठेवून सोडायची असते. पायाला फळी बांधली, हलू दिलं नाही, आणि बोटीने, मग ट्रकने त्याला नेलं. पोरगा वाचला. पायाची दोन बोटं गेली. विषाने गेली की दोरीने, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

एकाकडे चुकीची माहिती होती, दुसऱ्याकडे अर्धी होती. दोघांचीही नियत शंभर टक्के साफ होती. 'बांधू नका' हे वाक्य सगळीकडे आहे. 'आधीच बांधली असेल तर काय' हे वाक्य फार थोड्या ठिकाणी आहे. आणि मैदानात आपण पोचतो तेव्हा बहुतेक वेळा कोणीतरी आधीच काहीतरी केलेलं असतं.

दुसऱ्यांच्याच चुका सांगतो असं वाटायला नको, म्हणून माझीही सांगतो. त्याच पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची, तिकडच्या भाषेत एलिप्पनीची, साथ आली. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेतून हा आजार शिरतो. बचावकार्यात पाण्यात उतरणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन 200 मिलीग्रॅम घ्यावं, अशी केरळच्या आरोग्य खात्याची सूचना होती. आम्ही सगळे घेत होतो. मी त्या सूचनेचा स्क्रीनशॉट काढला आणि स्वयंसेवकांच्या ग्रुपवर टाकला. मजकूर लांब होता, म्हणून वरचा भाग ठेवून खालचा कापला. नीट दिसावं एवढाच हेतू.

दोन दिवसांनी एका मदत छावणीत गेलो तर आमच्याच ग्रुपमधला एक पोरगा रांगेतल्या सगळ्यांना गोळ्या वाटत होता. रांगेत एक गरोदर बाई होती. छावणीतल्या नर्सने ते पाहिलं आणि त्याला थांबवलं. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ही गोळी सरसकट द्यायची नसते. त्यांच्यासाठी दुसरं औषध असतं आणि ते डॉक्टर ठरवतो. हे सगळं त्या सूचनेत लिहिलेलं होतं. मी कापलेल्या भागात. नर्सने त्या पोराला झापलं, पोराने माझं नाव सांगितलं, मग तिने मला झापलं. मी निमूट ऐकून घेतलं. वीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या साहेबाचं बोलणं इतकं लागलं नव्हतं.

त्याच काळात 'ही गोळी घेऊच नका, सगळं थोतांड आहे' असा प्रचारही समाजमाध्यमांवर झाला आणि त्यावर पोलीस कारवाई झाली. म्हणजे एकाच वेळी तीन प्रकारची माहिती फिरत होती. खरी, खोटी आणि माझ्यासारख्याने कापलेली. छावणीतल्या पोराला या तिन्हींत फरक कसा कळावा? मोबाईलवर तिन्ही सारख्याच दिसतात.

आता घरची गोष्ट. माझं गाव कृष्णाकाठी, सांगलीकडे. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेला जो पूर आला तेव्हा मी उत्तरेत होतो. तीन दिवस घरचा फोन लागला नाही. ज्यांच्या घरचा माणूस बॉर्डरवर असतो त्यांना हा अनुभव रोजचा. आमच्यासाठी तो उलटा होता. चौथ्या दिवशी थोरल्या भावाचा फोन आला, की आई दवाखान्यात आहे.

आईला मधुमेह. रोज इन्सुलिन. पुरात लाईट गेली, फ्रिज बंद पडला. गावातल्या मंडळाची पोरं घराघरांत जाऊन म्हाताऱ्यांना वर काढत होती, औषधांची विचारपूस करत होती. त्यांतल्या एकाने प्रेमाने सांगितलं, "काकू, फ्रिज बंद होता ना, मग हे इन्सुलिन खराब झालं. टाकून द्या, विषबाधा होईल." भावालाही पटलं. आईने तीन दिवस इन्सुलिन घेतलं नाही. साखर इतकी चढली की ती बोलायची बंद झाली.

नंतर आमच्या आरएमओ साहेबांना विचारलं. ते म्हणाले, वापरात असलेलं इन्सुलिन साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर राहू शकतं, उन्हात आणि फार उकाड्यात ठेवायचं नाही एवढंच. माठाशेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवलं तरी दिवस निघतात. अगदी वेळ आली तर थोडं तापलेलं इन्सुलिन, मुळीच न घेण्यापेक्षा बरं. ही माहिती तेव्हाही इंटरनेटवर होती. मी स्वतः दोन मिनिटांत शोधली. पण गावातला टॉवर बंद होता आणि ती पाहिजे होती गावात.

आई बरी झाली. त्या पोरावर मला राग नाही. पाण्यातून पाठीवर घेऊन त्याच पोराने तिला बाहेर काढलं होतं.

यावर नेहमीचा आक्षेप येतो. आरोग्य हे डॉक्टरांचं काम आहे, हौशी पोरांच्या हातात वैद्यकीय माहिती देऊ नका, अर्धवट ज्ञान घातक असतं. मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या तोंडून मी हे ऐकलं आहे आणि त्यात तथ्य नाही असं नाही. वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी अर्धवट ज्ञानाच्याच आहेत. पण आपण माहिती दिली नाही म्हणून त्या पोराचं डोकं कोरं राहत नाही. ती जागा फॉरवर्ड मेसेज भरून काढतो. माहिती द्यायची की नाही हा पर्यायच आता उरलेला नाही. तपासलेली द्यायची की न तपासलेली पोचू द्यायची, एवढंच आपल्या हातात आहे.

फौजेत हा प्रश्न केव्हाच सोडवलेला आहे. प्रत्येक सेक्शनबरोबर डॉक्टर नसतो. म्हणून काही जवानांना बॅटलफील्ड नर्सिंग असिस्टंटचं शिक्षण देतात. ते ऑपरेशन करत नाहीत. रक्त थांबवतात, श्वास मोकळा ठेवतात, जखमी मागे पाठवतात. आणि प्रत्येक जवानाकडे फर्स्ट फील्ड ड्रेसिंग असतं, ठरलेल्या खिशात. ते डेपोत भरपूर आहे म्हणून कोणी समाधान मानत नाही. गोळी लागल्यावर डेपोतून मागवायचं अशी पद्धत असती तर आमच्यातले किती जण आज नसते. ऑनलाईन आरोग्यमाहितीचं आपण नेमकं तेच करून ठेवलंय. डेपो गच्च भरलाय, खिसा रिकामा आहे.

साध्या माणसांच्या हाती योग्य माहिती दिली तर काय होतं, याचं एक उदाहरण आपल्याच देशात, 1971 सालचं आहे. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते. पश्चिम बंगालमध्ये बनगावला छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं, ते लावणारे हात त्याहून कमी. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी ड्रममध्ये भरलं आणि रुग्णांच्या आई-बापांना, भावंडांना सांगितलं, हे पाजत राहा. इतर छावण्यांत कॉलऱ्याने मरण्याचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं. त्यांच्याकडे ते चार टक्क्यांखाली आलं. मला याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. हे पाणी कसं बनवायचं याची पत्रकं सीमेवर वाटली गेली आणि बांगलादेशच्या गुप्त रेडिओ केंद्रावरूनही ती माहिती सांगितली गेली. त्या काळचं ऑनलाईन तेच. ना लिंक, ना ॲप, पण मीठ-साखर घरात असलेल्या कुणालाही ऐकून करता येईल इतकी नेमकी माहिती. महालनबीसांना 2023 साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. ते आपल्याला माहीत होते का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं. मला नव्हते.

मग करायचं काय? माझ्या अनुभवातून पाच गोष्टी सुचवतो.

पहिली, तारीख. फौजेत कुठलाही सिग्नल डीटीजीशिवाय जात नाही. डीटीजी म्हणजे दिवस, वेळ आणि तारीख यांचा गट. नवा आदेश आला की 'आधीचा रद्द' असं त्यातच लिहिलेलं असतं. आरोग्याच्या प्रत्येक सूचनेवर कधी लिहिली, कोणत्या हुद्द्याच्या माणसाने लिहिली आणि आधीची कोणती रद्द झाली, हे ठळक हवं. तारीख नसलेला मेसेज पुढे पाठवायचा नाही, एवढा एक नियम ग्रुपवर पाळला तरी निम्मा कचरा थांबेल.

दुसरी, आकार. चाळीस पानांची पीडीएफ दिल्लीत ठीक आहे. चरावर, म्हणजे नदीतल्या बेटावर, नेटवर्कची एक काडी येते-जाते, तिथे ती उघडत नाही. एका विषयाला एक पान हवं. नुसता मजकूर, फोटो नाहीत. काय करायचं, काय करायचं नाही, कोणाला चालत नाही, आधीच कोणी काही केलं असेल तर काय, आणि कोणत्या खुणा दिसल्या की सगळं सोडून दवाखाना गाठायचा. शेवटच्या तीन गोष्टी वरच ठेवा, म्हणजे माझ्यासारखा कोणी कापणार नाही.

तिसरी, भाषा. आसाममध्ये असमिया, बांगला, बोडो, मिसिंग बोलणारी माणसं एकाच बंधाऱ्यावर आसऱ्याला बसलेली असतात. त्यांच्यासाठी इंग्रजी सूचना म्हणजे कोरा कागद. लिहून भागत नसेल तर त्या भाषेत दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करा, स्थानिक नर्सच्या आवाजात. आवाज ओळखीचा असला की माणूस ऐकतो.

चौथी, वेळ. आज मोबाईलवर सरकारचे धोक्याचे इशारे स्थानिक भाषेत येतात, ही खरोखर मोठी सोय झाली आहे. पण इशारा आला की माहिती शोधायला लागायचं, हे उशिराचं आहे. पावसाआधीच्या सरावात जशी बोट तपासतो तसे मोबाईल तपासले पाहिजेत. विमान मोडवर टाका आणि दाखवा, सर्पदंशाचं पान उघडतं का? उघडलं नाही तर तयारी झालेली नाही. आणि त्याच पानांची एक छापील प्रत प्लास्टिकमध्ये बंद करून किटमध्ये. बॅटरी संपते, कागद संपत नाही.

पाचवी, उलटी वाट. आम्ही वर सिटरेप पाठवतो म्हणजे मैदानातली परिस्थिती कळवतो. स्वयंसेवकालाही कोणाला कळवायचं ते माहीत हवं. 'या छावणीत सकाळपासून सहा मुलांना जुलाब' हा एक ओळीचा मेसेज योग्य डॉक्टरकडे वेळेत गेला तर साथ तिथेच थांबू शकते. आज तो मेसेज शंभर जणांच्या ग्रुपवर जातो, त्याखाली शंभर जण हात जोडतात, आणि डॉक्टर त्या ग्रुपवर नसतो.

यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. लागतो तो एक माणूस, ज्याला सांगितलेलं असेल की हे तुझं काम आहे. जबाबदारी सगळ्यांची म्हटली की ती कोणाचीच नसते, हे फौजेत पहिल्याच वर्षी शिकवतात.

हे वाचणारे बरेच जण गावाकडचे, तरुण मंडळांत, गणेश मंडळांत काम करणारे आहात. कोल्हापूर-सांगलीने 2019 पाहिलं, चिपळूणने 2021 चा जुलै पाहिला. पुन्हा पाणी येणार नाही असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरांना भेटा. सर्पदंश, जुलाब, लेप्टो, पाण्याच्या गोळ्या आणि नेहमीची औषधं, म्हणजे इन्सुलिन, रक्तदाब, टीबी, अशी पाच पानं त्यांच्याकडून तपासून घ्या. खाली तारीख घाला. गावातल्या दहा पोरांच्या मोबाईलमध्ये टाका आणि मंडळाच्या कपाटात एक छापील प्रत ठेवा. मी सुट्टीवर आलो की विचारणार आहे.

त्या मुलीबद्दल सांगायचं राहिलं. सराव संपल्यावर ती आणि आमचा नर्सिंग असिस्टंट झाडाखाली बसून काहीतरी लिहीत होते. संध्याकाळी निघताना तिने ते दाखवलं. वहीचं एक पान, असमियात. मला वाचता येईना. मी विचारलं, "बेटा, पहिली ओळ काय आहे?"

म्हणाली, "सर, आधी गोळीचं पाकीट वाचा."

खाली तारीख होती. तिचं नावही होतं.

जय हिंद.